घुशीला न आवडणारी झाडं

घुशीला लसणाचा वास सहन होत नाही, असं ज्यांनी मला सांगितलं त्यांच्या परसात घूस नव्हती. एरंड लावा म्हणणाऱ्यांच्याही नव्हती. झेंडू सुचवणाऱ्या बाईंचं तर बिऱ्हाडच दुसऱ्या मजल्यावर होतं. तरी मी या सगळ्यांचं निमूट ऐकलं, कारण मला दुसरा इलाज ठेवलेला नव्हता. तो कुणी ठेवला नव्हता तेही सांगते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी माझ्या वडलांना वाईहून सांगलीला आणलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. वाईजवळच्या गावात आमची शेती. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि शेती पुतण्याच्या हातात गेली होती. आबांना काचबिंदू झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा एक डोळा गेलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या डोळ्यात जी नजर उरली आहे ती टिकवायची असेल तर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि दर महिन्याला येऊन डोळा दाखवायचा, आणि यात सुट्टी नाही. वाईला एकटे असताना आबांनी चार वेळा थेंब घातले असते हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. जो माणूस पायात काटा मोडला तर पेरणी उरकल्यावर काढायचा, तो थेंब काय घालणार! म्हणून मी त्यांची वळकटी बांधली आणि त्यांना एस.टी.त बसवलं.

विश्रामबागेतलं आमचं घर चार खोल्यांचं, सासऱ्यांनी हयातीत बांधलेलं. सासरे नव्हते. सासूबाई होत्या, त्यांना मी आत्ती म्हणायची. आत्तींचं माहेर शिराळ्याचं, आणि ते त्यांच्या बोलण्यात दिवसातून निदान तीन वेळा यायचं. आमचे हे एका कचेरीत होते आणि मी सकाळच्या शाळेत शिकवायची. घरामागे बऱ्यापैकी मोठं परस होतं. त्यात एक शेवगा आणि धुण्याचा दगड, बाकी सगळं रान.

आबा आले, ओसरीवर टेकले आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘‘जेवणाचं मातुर बोलू नगंस.’’

आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न खायचं नाही. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे वाक्य आज मी सरळ लिहिलं, तेव्हा ते घरात कुणी सरळ बोलत नव्हतं. आबांच्या न जेवण्यातून मात्र ते रोज दोन वेळा बोललं जायचं, आणि मला ते टोचायचं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, अहो, जग चंद्रावर जाऊन आलं आणि तुम्ही माझ्या घरची भाकरी खात नाही! ते म्हणाले, ‘‘चंद्रावर लेक दिली न्हवती कुणी.’’

मग पाण्याचं काय, असं मी विचारलं. पाणी चालेल म्हणाले. ‘‘नळ सरकारचा हाय, जावयाचा न्हाई.’’

असं करत करत त्यांनी स्वतःच एक वाट काढली. जोंधळा वाईहून त्यांच्या हिश्श्याचा यायचा, पुतण्या एस.टी.वर पोतं चढवून द्यायचा. मीठ, चटणी त्यांनी बरोबर आणलेली. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली. आणि परसाकडे बोट करून म्हणाले, ‘‘ही जागा मला दे. माती कुणाची नसती. माझ्या हातानं पिकंल ते खाईन, आन पिकंल तवर ऱ्हाईन. न्हाई पिकलं तर आपली वाई बरी.’’

मी हो म्हटलं. एका घरात दोन चुली, त्यातली एक बापाची, शेजारणी कुंपणावरून बघतायत, आणि मी हो म्हटलं, कारण त्यांच्या राहिलेल्या डोळ्याची किंमत तीच होती. परस पिकलं तर आबा राहणार, आबा राहिले तर थेंब पडणार.

एका अधू डोळ्यानं त्या माणसानं महिन्याभरात परसाचं सोनं केलं. मुळा, मेथी, कांद्याची पात आणि मुख्य म्हणजे रताळी. रताळ्याचे वेल त्यांनी चार मोठ्या वाफ्यांत लावले. रात्री दोन उकडलेली रताळी आणि वर तांब्याभर सरकारी पाणी, एवढ्यावर ते खूश असायचे. पहिलं पीक इतकं आलं की त्यांनी आत्तींना पाटीभर पाठवली. पाठवली म्हणजे मी नेली. कारण आत्ती आणि आबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. व्याही-विहिणीनं समोरासमोर बोलायचं नाही एवढंच. दोघं एकाच पडवीत चार हातांवर बसलेली असायची, आणि मी मध्ये.

‘‘सांग तुझ्या वडलांस्नी, रताळी लय ग्वाड हायत.’’

‘‘येहिणीस्नी सांग, माती चांगली हाय तुमची.’’

मी काय सांगणार? दोघांनीही ऐकलेलं असायचं. तरी मी काही बोलले नाही तर दोघंही माझ्याकडे बघत बसायची.

दुसऱ्या लावणीला घूस आली.

घूस म्हणजे नुसता मोठा उंदीर, असं शहरी माणसांना वाटतं. तिची एक खोड मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते. ती वेलाला हात लावत नाही. वर वेल हिरवागार, पानं टवटवीत, बघणाऱ्यानं वा वा म्हणावं. खाली मातीत फक्त पोकळी. आबांनी एक वेल उपटला तो फुलांच्या गजऱ्यासारखा हलका हातात आला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. वाफ्याच्या कडेला मातीचा हा एवढा ढीग आणि त्याच्यामागे बीळ.  आबा मातीत हात घालून बसून राहिले.

मी त्याच दिवशी शाळेतून येताना पेठेतून उंदराच्या औषधाची पुडी आणली. पीठ मळून त्यात घालणार एवढ्यात आत्ती आल्या.

‘‘हे काय करतीस?’’

‘‘घुशीला औषध.’’

‘‘खबरदार. आमी शिराळ्याची माणसं. बीळ आज घुशीचं असतंय, उद्या नागाचं. कोण आत हाय तुला काय ठावं? औषध न्हाई घालायचं, पाणी न्हाई वतायचं, धूर न्हाई करायचा. खणायचं तर नावच काढू नगंस.’’

मी आबांकडे वळले. निदान शेतकरी माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. आबा म्हणाले, ‘‘येहिणीस्नी सांग, बराबर हाय त्यांचं. ज्यांच्या जागंत ऱ्हातो त्यांचा द्येव पाळाय पायजे.’’

वर्षभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते या घुशीवर. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली. ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, ‘‘असं काहीतरी लावा ना, की तिलाच नकोसं वाटेल.’’ आणि तेवढ्यावर ते या प्रकरणातून मोकळे झाले. पुढचे चार महिने मात्र मी मोकळी झाले नाही.

शेजारी शेतकी खात्यातले एक साहेब राहायचे. त्यांच्याकडून लसूण आला. वाफ्याच्या चारी बाजूंनी एकेक वितीवर पाकळी लावायची, वासानं घूस फिरकत नाही. मी दोन शेर लसूण लावला. आठवड्यानं कोंब आले, दहाव्या दिवशी कोंब होते तिथे भोकं होती. घुशीनं लसूण खाल्ला की नुसता उपटून टाकला, हे मला कळलं नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘गावठी लावला होतात का? गावठीच लागतो.’’ गावठीच होता. ‘‘मग दाट लावायला हवा होता.’’

मग झेंडू. शाळेतल्या बाईंनी शपथ घेऊन सांगितलं की झेंडूच्या मुळांना असा काही उग्र दर्प असतो की जमिनीखालचं कुठलंही जनावर पळून जातं. झेंडू फोफावला. इतका, की मेथीचा वाफा त्याच्याखाली गेला. घुशीनं झेंडूच्या ओळीतूनच रस्ता काढला, आणि वर फुलं असल्यामुळे तो कुणाला दिसेनासा झाला. एके सकाळी आबांचा पाय त्यात गेला आणि ते गुडघ्यावर आपटले. मी झेंडू उपटायला धावले तर आत्ती म्हणाल्या, दसऱ्याला फुलं लागतील, राहू दे.

मग एरंड. हा आबांच्या आग्रहाचा. ‘‘आमच्या मळ्याला एरंडाचं कुपान हुतं. बारा वरसांत घूस बघितली न्हाई.’’ त्यांच्या मळ्याशेजारी ओढा होता आणि ओढ्यापलीकडे दोन मुंगसं होती हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी बी टोचलं. एरंड हाताहातानं वाढला. त्याची पंज्याएवढी पानं पसरली, खाली गार सावली झाली, माती मऊ राहिली, आणि घुशीनं जुनं बीळ सोडून नवीन बीळ एरंडाच्या बुडाशी केलं. मी ते आबांना दाखवलं. ते वाकून, डोळा बारीक करून बघत म्हणाले, ‘‘दुसरी असंल.’’

आता सांगा, माणसानं हसावं की रडावं? मी यातलं काहीच केलं नाही, मी भांडी आपटली.

साहेबांनी मग उंदीरमारीच्या फांद्या आणून दिल्या. गिरिपुष्प म्हणतात तिला. नावातच उंदीरमारी आहे म्हटल्यावर मलाही जरा आशा वाटली. फांद्या खोचल्या, त्या सगळ्या जगल्या. झाडं जगवण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. आबांच्या रताळ्यांचे चार वाफे होते, त्यांचे आता दोन उरले होते. बाकीच्या जागेत घुशीला न आवडणारी झाडं होती, आणि त्यांच्या मुळाशी घूस सुखानं नांदत होती.

याच सुमारास एके दुपारी मी शाळेतून आले तर आबा कुंपणाशी बसून काड्या मोडत होते. जवळ गेले तर शेराच्या, कुंपणाला लावतात त्या चिकाच्या झुडपाच्या. कुणा येणाऱ्याजाणाऱ्यानं सांगितलं होतं की शेराच्या चिकाला घूस भिते. मोडलेल्या प्रत्येक काडीतून पांढरं दूध ठिबकत होतं, आबांची बोटं त्या चिकानं भरलेली, आणि घाम पुसायला हात कपाळाकडे चाललेला. मी एवढ्यानं ओरडले की साहेबांच्या बाई बाहेर आल्या. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. आबांनाही ठाऊक होतं. मी त्यांचे हात मनगटांना धरून न्हाणीत नेले आणि राखेनं घासघासून धुतले, आणि धुताना इतकं बोलले, इतकं बोलले की शेवटी माझाच घसा बसला. ज्या डोळ्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोच डोळा घालवायला बसला होता हा माणूस, आणि कशापायी, तर घुशीपायी.

ते शांतपणे म्हणाले, ‘‘पिकलं न्हाई तर जावं लागंल गं मला.’’

मी सगळा शेर उचलून गटारापलीकडे फेकून दिला.

श्रावण लागला आणि नागपंचमी आली. शिराळ्याला त्या दिवशी जिवंत नागांचा काय सोहळा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत्तींना गुडघ्यांमुळे त्या वर्षी जाता आलं नव्हतं. पूजा तर चुकवायची नाही. मग त्यांनी काय करावं? त्यांनी एरंडाच्या बुडाशी, त्या नव्या बिळाच्या तोंडाशी शेणाचा सडा घातला, हळदकुंकू वाहिलं, दूर्वा ठेवल्या, द्रोणात दूध ठेवलं आणि ओंजळभर लाह्या वाहिल्या. नमस्कार केला. मला करायला लावला. ज्या घुशीनं चार महिने माझ्या नाकी नऊ आणले, तिच्या दारात मी नवी साडी नेसून डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी लाह्या नव्हत्या. द्रोण उलटा पडला होता.

‘‘नागोबानं घेतल्या,’’ आत्ती म्हणाल्या. ‘‘सांग तुझ्या वडलांस्नी, आता परसाला काय हुत न्हाई.’’

नाग लाह्या खात नाही हे मी शाळेत चौथीला शिकवायची. घरी बोलले नाही.

दसरा झाला. झेंडूची फुलं खरंच उपयोगी पडली, तेवढी एकच गोष्ट. त्यानंतर आबांनी राहिलेल्या दोन वाफ्यांपैकी एकात हात घातला. वेल पुन्हा तसेच, वर हिरवे, खाली पोकळ. सबंध एका वाफ्यात दोन रताळी निघाली, त्यातलं एक कुरतडलेलं. आबांनी ती दोन्ही धुऊन चुलीपाशी ठेवली आणि म्हणाले, ‘‘दिवाळी झाली की जातो मी. पुतण्याला कार्ड टाक.’’

मी कार्ड टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सांगलीच्या मंडईत गेले आणि दीड किलो रताळी घेतली, माती लागलेली बघून निवडून घेतली. दुपारी आबांना थेंब घातले की त्यांना अर्धा तास डोळे मिटून पडायची आज्ञा होती. त्या अर्ध्या तासात मी परसात गेले आणि दुसऱ्या वाफ्यातल्या वेलांच्या बुडाशी खुरप्यानं माती उकरून रताळी पुरली.

संध्याकाळी आबांनी माती चाचपली. चार रताळी निघाली.  आबा थोडा वेळ ती हातात घेऊन बसले, बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘ह्या अंगाला ऱ्हायली वाटतं थोडी.’’

त्या रात्री ते पोटभर जेवले आणि जायचा विषय निघाला नाही.

मग हे रोजचंच झालं. शाळा, मंडई, थेंब, खुरपं. आणि यातही घुशीनं मला सोडलं नाही. मी आठ पुरली तर आबांना चार मिळायची, कारण उरलेली ती न्यायची. म्हणजे मी बाजारातून विकत आणून घुशीला घालत होते, आपल्या हातानं, भर दुपारी. ह्यांनी एकदा पिशवी बघून विचारलं, एवढी रताळी कशाला? म्हटलं, शाळेत उपास आहे. शाळेला कसला उपास, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

सगळ्यात चीड कशाची आली असेल तर श्रेयाची. आत्ती म्हणायच्या, नागोबानं राखलं. साहेब कुंपणावरून म्हणायचे, उंदीरमारीच हो, मी म्हटलं नव्हतं? आबा म्हणायचे, एरंड जरा उशिरा लागू पडतो. मी मधोमध उभी, कंबर मोडलेली, नखांत माती, आणि मान डोलावते आहे. एकदा तर साहेबांनी कचेरीतले दोघं आणले आणि त्यांना माझं परस दाखवलं. त्यातल्या एकानं वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

दीडेक महिना असा गेला. आबा दोनदा मिरजेला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, दाब उतरला आहे, नजर जशी होती तशी आहे, असंच चालू ठेवा. मी एस.टी.त बसून रडले. आबांना वाटलं धुळीनं डोळ्यांना पाणी आलं.

आणि मग मार्गशीर्षातला तो गुरुवार. शाळेत तपासणीचे साहेब येऊन गेले होते आणि माझ्या वर्गावर त्यांनी ताशेरे ओढले होते. मंडईत रताळी संपत आलेली. एका बाईकडे तळाशी राहिलेली, करंगळीएवढी होती, ती मी उचलली. ऊन डोक्यावर. घरी येऊन थेंब घातले, उपाशीपोटीच पुरायला बसले. दुपारी जरा पडावं म्हटलं तर आत्तींच्या माहेरचं कुणी आलं, चहा झाला, पोहे झाले. संध्याकाळी पडवीत आत्ती तांदूळ निवडत बसल्या होत्या. आबा वाफ्यातून उठले, हातात तीन रताळी, आणि ती तळहातावर उडवत, गालात हसत मला म्हणाले, ‘‘आज लयच बारकी गावली गं. उद्याची जरा मोठी बघ.’’

माझं डोकंच फिरलं. हातातली कपबशी मी तिथेच आदळली.

‘‘आवं, बाजारात हुती तीच आणली! म्या काय करू? रोज वणवण करून आणायची, रोज पुरायची, आन वर बारकी म्हणून बोल लावायचा?’’

बोलून झालं. शब्द बाहेर पडल्यावर कळलं की काय बाहेर पडलंय. आत्तींचा हात सुपात थांबला. आबा तसेच उभे होते, तळहात पुढे केलेला.

मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. आत्तींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि थेट आबांशी बोलल्या.

‘‘आवं, पोरगी दमलीया. काय बी बोलती. तुमी आयकलं न्हाई असं समजा.’’

आबांनी मान हलवली. ‘‘आयकलं न्हवं, येहीणबाई.’’

त्यांनी ती तीन रताळी धुण्याच्या दगडावर ठेवली, अगदी हळू. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘‘मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. रताळं येलाला न धरता मातीत नुसतं पडून असतंय व्हय कवा? डोळा गेला, बोटं न्हाई गेली माझी. पर तू बोलली न्हवतीस. तू पुरलंस, मी उकरलं, त्यात कुणाचं काय जात न्हवतं. आता तू बोललीस गं.’’

म्हणजे ‘उद्याची मोठी बघ’ हे ते मला सांगत होते. माझी चेष्टा करत होते, लाडात. आम्ही दोघं मिळून एक खोटं सांभाळत होतो आणि ते माझ्या एकटीचं आहे असं मला वाटत होतं. त्या माणसानं माझ्यासाठी आपली रीत वाकवली होती, जेवढी वाकेल तेवढी, आणि मी ती एका वाक्यात मोडून त्यांच्या हातात दिली.

मी पाया पडले. रडले. म्हटलं, आबा, रागात बोलले, धरू नका. ते म्हणाले, राग न्हाई गं तुझा, खरंच न्हाई. आणि ते खरंच होतं, हेच मला सहन होत नव्हतं. रात्री ते जेवले नाहीत. ह्यांनी समजावलं, आत्तींनी पदर आडवा धरून पुन्हा दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते वाईला गेले. थेंबांच्या चार बाटल्या मी पिशवीत घातल्या आणि पुतणसुनेला तीन पानी पत्र लिहिलं, कधी, किती, कसे. तिनं पहिले काही दिवस घातले असतील. सुगी आली, मग कुणाला वेळ होता? मी महिन्या दोन महिन्यांनी वाईला जायची तेव्हा दोन बाटल्या तशाच भरलेल्या असायच्या. मिरजेला चला म्हटलं की ते म्हणायचे, तिथं येऊन जेवू कुठं? पुढच्या पावसाळ्यात दुसरा डोळाही गेला.

परसात मी त्यानंतर काही लावलं नाही. एरंड, झेंडू, उंदीरमारी सगळं आपोआप माजलं. घूस मात्र निघून गेली, खायला काही उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, बघा, शेवटी झाडांनी काम केलंच. मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी पुतण्या आबांना घेऊन आला. ओसरीवर त्यांचे पाय आत्तींनी स्वतः धुतले. मुलीला मांडीवर घेऊन आबा खूप वेळ बसले, तिच्या मुठीत आपलं बोट देऊन. मग म्हणाले, ‘‘आता वाढ मला. लय दिस झालं.’’

मी पाट मांडला, हाताला धरून बसवलं. ताट केलं, आमटी, भात, पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आबा मांडी घालून, हात जोडून ताठ बसून राहिले. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, म्हणून मी थांबले. बराच वेळ झाला तसं त्यांनी मान वर केली आणि भलत्याच बाजूला तोंड करून विचारलं, ‘‘वाढतीयास न्हवं गं?’’

‘‘वाढलंय, आबा,’’ मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून ताटावर ठेवला.